मोडी वाचून देतो म्हणाला, आणि पत्रं रचून दिली

मोडी या जुन्या मराठी लिपीतले कागद देवनागरीत उतरवून घेण्यासाठी मी एका माणसाला ४६,५०० रुपये दिले. त्याने कागद वाचलेच नव्हते. जे दिसलं नाही ते मनाने रचलं आणि त्याच्यावर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं. इतिहासात पीएच.डी. करताय आणि मोडी येत नाही, तर हे नीट वाचा.

माझा विषय बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातला धर्मादाय खर्च. दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराण्याने विश्वासाने दफ्तराचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, माझ्यासमोर उघडून ठेवला. तीन दुपारी जमिनीवर बसून १८६ पानांचे फोटो काढले. ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. मराठी माझी मातृभाषा, तरी एक ओळ लागेना.

एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा नंबर मिळाला. "ताई, पानाला अडीचशे, अर्धे आधी. बिनचूक काम." नमुना मागितला तर लगेच एक पत्र आलं, मूळ फोटो आणि खाली वाचन. सुंदर होतं. ते वाचन बडोदा सरकारने १९३०च्या दशकात छापलेल्या निवडक कागदांच्या खंडातून जसंच्या तसं उचललेलं होतं, हे पुढे कळलं. नमुन्याचं पान मी द्यायला हवं होतं, त्याला निवडू द्यायला नको होतं.

अठरा दिवसांत १८६ पानं टाइप होऊन आली. मायने, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचे संबोधन, बरोबर: "अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री", शेवटी "लोभ असो दिजे हे विनंती". मधला मजकूरही त्या काळाला शोभेलसा. एकही जागा रिकामी नव्हती. मला तेव्हा ते कौशल्य वाटलं. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

त्यातल्या एका पत्रावर माझा सगळा मुद्दा होता. त्याने साल १२१४ हिजरी लावलं होतं, म्हणजे १७९९-१८००. गोविंदराव गायकवाडांच्या अखेरच्या दिवसांतही ब्राह्मणभोजनाचा खर्च वाढत होता, असं मी लिहिलं आणि एका परिसंवादात मांडलंही. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर विद्यापीठात चालवलं तेव्हा आकडा १० टक्क्यांच्या मर्यादेच्या खूप आत आला. येणारच. रचलेला मजकूर जुळणार कशाशी?

उघडकीला आलं ते वाडीतल्या एका काकांमुळे. निवृत्त शिक्षक आहेत, मोडी त्यांनी वडिलांकडून उचललेली. सहज दाखवायला म्हणून ते पत्र नेलं होतं. काकांनी भिंग ठेवलं, टाइप केलेला कागद शेजारी घेतला आणि आधी ओळी मोजल्या. मुळात नऊ, वाचनात एकवीस. मग तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "बाळ, चैत्र शुद्ध १९ कशी असेल गं? पंधराव्याला पौर्णिमा झाली की शुद्ध पक्ष संपला."

हे वाक्य मी निदान वीस वेळा वाचलं होतं.

मुळात होतं "छ १९ रमजान". हा छ म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख. त्याने छचा चैत्र केला आणि रमजान गाळला. वर "अर्बा अशर मयातैन व अलफ", म्हणजे चार, दहा, दोनशे आणि हजार. १२१४ खरं, पण हिजरी नाही, सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत वापरलेली वेगळी कालगणना. त्यात ५९९ मिळवा: १८१३. म्हणजे पत्र गोविंदरावांनंतरच्या आनंदरावांच्या कारकिर्दीतलं, आणि खर्च भोजनाचा नाहीच, घाट दुरुस्तीचा. प्रकरण तिथेच कोसळलं. रिक्षात बसून मी रडले.

त्याला फोन केला तर "ताई, जुनी लिपी आहे, इकडचं तिकडे होतं", आणि नंतर नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत.

पैशांपेक्षा मला दुसरी धास्ती वाटते. प्रबंध पास झाला की शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो. तिथून पुढचा विद्यार्थी ते पत्र उचलतो, त्याच्यावरून तिसरा. न लिहिलेलं पत्र असं खरं होऊन बसतं. म्हणून कळकळीने सांगते, पान तुम्ही निवडा, आणि एखादं जाणकाराकडून आधीच वाचून घेतलेलं असू द्या. तेच पान आठवड्याने वेगळ्या क्रमांकाने पुन्हा पाठवा. रचणाऱ्याचं दुसरं वाचन पहिल्याशी जुळत नाही. ओळीखाली ओळ मागा. आणि लागलं नाही तिथे टिंबं आहेत का, ते पाहा. काका दिवसाला तीन-चार पानं करतात आणि एकही पान टिंबांशिवाय जात नाही. "लागत नाही ते लागत नाही," म्हणतात आणि पुढे जातात.

आता रोज संध्याकाळी त्यांच्याकडे मोडी शिकते. ४१ पानं नव्याने झाली आहेत. परिसंवादाच्या आयोजकांना चूक कळवली, पण निबंध आधीच छापून गेला होता. गेल्या महिन्यात इंदूरच्या एका विद्यार्थिनीने ते "१८००चं पत्र" मागितलं. तिला सगळी हकिगत लिहिली, मूळ फोटो पाठवला आणि खाली काकांचं वाचन जोडलं. नऊ ओळी, दोन ठिकाणी टिंबं.