‘दोन टक्क्यांत बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती प्रबंध देऊ नका

प्रबंध बाइंडिंगला टाकायची वेळ आली की डीटीपीवाला हळूच विचारतो, “सर, प्लॅगरिझमचं काय? आपला माणूस आहे, दोन टक्क्यांत बसवून देईल.” प्लॅगरिझम म्हणजे दुसऱ्याचं लेखन श्रेय न देता उचलणं; ते शोधायला सॉफ्टवेअर प्रबंधाचा किती टक्के भाग इतर मजकुराशी जुळतो ते मोजतं, आणि हा ‘माणूस’ म्हणजे तो साम्याचा आकडा खाली आणून देतो म्हणणारा एजंट. देवगड, गुहागर किंवा मंडणगडला नोकरी सांभाळून मुंबई विद्यापीठाची पीएचडी करणाऱ्याला कलिन्याचं ग्रंथालय गाठायचं तर रजा टाकावी लागते. मग काही हजार रुपये यूपीआयवर जातात, पेन ड्राइव्हवर अख्खा प्रबंध जातो आणि चार दिवसांत रंगीत रिपोर्ट हाती येतो. त्या रिपोर्टला विद्यापीठात काडीची किंमत नसते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे तपासणीची व्यवस्था संस्थेनेच करायची असते, आणि शोधशुद्धी योजनेतून इन्फ्लिबनेट ही यूजीसीचीच संस्था २०१९पासून विद्यापीठांना त्यासाठी सॉफ्टवेअर देत आलं आहे; आधी उर्कुंड, नंतर ड्रिलबिट.

सगळ्यात सहज फसतात ते मराठीत लिहिणारे. समजा, प्रबंध दशावतारावर आहे आणि टायपिंग श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये झालंय. पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. सॉफ्टवेअर तोच वाचतं, त्याला जुळणारं जगात काहीच सापडत नाही, आणि साम्य शून्य ते दोन टक्के येतं. एजंटाने काहीही केलेलं नसतं! ग्रंथालयात तीच फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या लिपीत, आणली की खरा आकडा बाहेर पडतो. घरबसल्या तपासायचं तर प्रबंधातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी वाचता आलं तर युनिकोड. कचरा दिसला तर आधी फाइल बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व रफार नीट तपासा, तिथे हमखास चुका राहतात.

इंग्रजी प्रबंधात युक्त्या वेगळ्या. काही पानं चित्र म्हणून चिकटवायची. रोमन ‘ए’च्या जागी तसाच दिसणारा रशियन ‘ए’ घालायचा. परिच्छेदाभोवती पांढऱ्या रंगाची अवतरणचिन्हं टाकायची, म्हणजे ‘अवतरणं वगळा’ हा पर्याय निवडला की अख्खा परिच्छेद गायब. यातलं बरंचसं आजची सॉफ्टवेअरं पकडतात आणि रिपोर्टवर तसा इशारा देतात. मग नुसतं साम्य होतं तिथे लबाडीचा पुरावा तयार होतो, आणि विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभं राहायचं संशोधकाने. शब्द बदलणारं यंत्र वापरलं तर आणखी फजिती. हापूसमधला साका म्हणजे ‘स्पॉन्जी टिश्यू’. त्याचं ‘पोरस फॅब्रिक’ झालेलं वाचून बाहेरचा परीक्षक काय समजेल?

पण खरा घात पुढे आहे. एजंट तपासणी करतो ती कुठल्या तरी दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून, बहुधा चोरून मिळवलेल्या. तिथे ‘रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या कायमच्या साठ्यात) जमा करा’ हा पर्याय चालू राहिला तर तुमचा प्रबंध त्या संस्थेच्या नावाने साठवला जातो. पुढे विद्यापीठाने तपासला की तो स्वतःशीच जुळतो आणि साम्य नव्वदीच्या पुढे जातं. नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४०मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, ४० ते ६०मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द. टर्निटिन या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून अशी फाइल काढायची विनंती ज्या खात्यातून ती टाकली त्या संस्थेकडूनच जावी लागते, आणि एजंटाचा फोन तर तोवर बंद झालेला असतो. शिवाय न छापलेली निरीक्षणं परक्याच्या हाती गेली ती गेलीच.

हाती आलेला रिपोर्ट खोटा आहे का, हे ओळखायला आमच्याकडे पहिली खूण शब्दसंख्येची. अडीचशे पानांच्या प्रबंधात साठ-सत्तर हजार शब्द सहज असतात. रिपोर्टवर नऊ हजार लिहिले असतील तर उरलेलं वाचलंच गेलेलं नाही. मग फाइलचं नाव, तारीख आणि काय काय वगळलंय ते पाहावं. पीडीएफवरचा आकडा खोडून दुसरा घालणं तर अगदीच सोपं, म्हणून ग्रंथपालाने स्वतः काढलेल्या रिपोर्टशिवाय कशावर विसंबू नये. काही ठिकाणी ग्रंथालयही न वाचता शिक्का मारतं, हेही खरं.

ग्रंथालयाला पीडीएफ न देता युनिकोडमधली वर्डची फाइल पाठवा; बहुतेक वेळा ईमेलने काम होतं, कलिन्याला जावं लागत नाही. कच्चा मसुदा असेल तर ‘रिपॉझिटरीत जमा करू नये’ असं लेखी कळवा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य नियमांतच वगळलेलं आहे. ते वगळूनच आकडा मागा. स्वतःचा छापलेला लेख जुळत असेल तर मार्गदर्शकाचं पत्र जोडा. आणि दहा टक्के हा काही कोटा नव्हे: निष्कर्षाच्या प्रकरणात एकगठ्ठा सहा टक्के असणं, सगळीकडे विखुरलेल्या नऊ टक्क्यांपेक्षा वाईट.

पैसे देऊन बसला असाल तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवा, लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी. आपलंच नाव खराब होईल म्हणून बहुतेक जण गप्प बसतात, आणि एजंटाचा धंदा त्यावरच चालतो. प्रबंध सादर करण्याआधीच ग्रंथपाल आणि मार्गदर्शक दोघांना लेखी कळवा: फाइल कुणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या नावाने दिली होती. नव्वद टक्क्यांचा रिपोर्ट आल्यावर लिहिलेल्या पत्रापेक्षा त्या आधीच्या तारखेच्या पत्राला समितीपुढे जास्त वजन असतं.