ज्येष्ठमध चूर्ण: घशासाठी उत्तम, रक्तदाब असणाऱ्यांसाठी जपून

काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमध काड्यांच्या, चूर्णाच्या आणि तयार काढ्यातील एका घटकाच्या रूपात मिळतो. हे परीक्षण चूर्णाच्या १०० ग्रॅमच्या डबीचे आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण जी मुख्य तक्रार पुढे मांडली आहे, ती या एकाच डबीपुरती नाही.

आधी गुण. चूर्ण फिकट पिवळे, वस्त्रगाळ म्हणावे इतके बारीक आणि कचकच नसलेले आहे. चिमूटभर जिभेवर ठेवले की आधी दाट गोडवा येतो आणि मागाहून किंचित कडवट, मातकट चव रेंगाळते. हा कडवटपणा अजिबात नसेल, तर चूर्णात काही मिसळले असावे अशी शंका घ्यायला हरकत नाही. गार पाण्यात गुठळ्या होतात, कोमट पाण्यात ते बऱ्यापैकी कालवले जाते, तरी तळाशी साका राहतोच. मधात कालवून हळूहळू चाटले, तर कोरड्या खोकल्यात आणि बसलेल्या आवाजात घशाला आराम वाटतो. गायक आणि कीर्तनकार गालात ज्येष्ठमधाची कांडी धरतात, त्यामागे हाच अनुभव आहे. डबीचे झाकण घट्ट बसते, पावसाळ्याच्या दमट हवेत ही गोष्ट लहान नाही.

या गोडव्याचे कारण ग्लिसरायझिन हे द्रव्य आहे. ते साखरेपेक्षा सुमारे ५० पट गोड असते. आतड्यातील जिवाणू त्याचे ग्लिसरेटिनिक आम्लात रूपांतर करतात, आणि हे आम्ल रक्तात शोषले गेल्यावर मूत्रपिंडातील एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, काम रोखते. त्याचे पूर्ण नाव ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज, प्रकार २. नाव लांबलचक असले, तरी काम एकच आहे: कॉर्टिसोल या स्टेरॉइड संप्रेरकाचे कॉर्टिसोन या निष्क्रिय रूपात रूपांतर करणे.

हे काम मूत्रपिंडात का व्हावे लागते, हे समजल्याशिवाय डबीवरील मात्रेचे मूल्यमापन करता येणार नाही. शरीरातील मीठ आणि पोटॅशियम यांचा समतोल अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक राखते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या अखेरच्या भागातील पेशींमध्ये एक ग्राही, म्हणजे संप्रेरकाला जोडून घेणारा रेणू (रिसेप्टर), असतो. अल्डोस्टेरॉन त्याला जोडले गेले की सोडियम शरीरात राखले जाते आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकले जाते. अडचण अशी की हा ग्राही कॉर्टिसोललाही तितक्याच सहजतेने जोडून घेतो, आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पटींनी जास्त असते. मग ग्राहीवर सदासर्वकाळ कॉर्टिसोलचाच ताबा का नसतो? त्याच पेशींत हे विकर पहाऱ्यावर बसलेले असते आणि आत येणाऱ्या कॉर्टिसोलला ग्राहीपर्यंत पोहोचण्याआधीच निष्प्रभ करते, म्हणून. ज्येष्ठमध हा पहारा ढिला करतो. त्यानंतर कॉर्टिसोलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते: अंगात मीठ आणि पाणी साठते, पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घसरते. पोटॅशियम फार खाली गेले तर स्नायूंत अशक्तपणा येतो आणि हृदयाची लय बिघडू शकते.

हा परिणाम वैद्यकाला नवा नाही. १९४० च्या दशकात रेव्हर्स या डच डॉक्टरांनी जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रणात सुधारणा दिसली, पण जवळपास पाचांतील एका रुग्णाच्या अंगावर सूज आली. दीर्घकाळ असे मानले जात होते की ज्येष्ठमधातील द्रव्य स्वतःच अल्डोस्टेरॉनसारखे वागते. दरम्यान १९७० च्या दशकात काही मुलांमध्ये एक विचित्र आजार नोंदवला गेला: रक्तदाब अतिशय जास्त, पोटॅशियम कमी, आणि तरीही रक्तात अल्डोस्टेरॉन जवळजवळ नाही. या मुलांमध्ये तेच विकर जन्मतः निकामी होते. त्याचे जनुक १६ व्या गुणसूत्रावर आहे. १९८७-८८ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की ज्येष्ठमध जास्त खाणाऱ्या निरोगी माणसातही नेमकी हीच स्थिती, पण तात्पुरती, निर्माण होते. घराघरांत बरणीत ठेवलेल्या एका मुळीमुळे संप्रेरकशास्त्रातील एवढे मोठे कोडे सुटावे, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

आता डबीकडे वळू. तिच्यावर मात्रा लिहिली आहे: ३ ते ५ ग्रॅम, दिवसातून दोनदा. ग्लिसरायझिनाचे प्रमाण मात्र कुठेही दिलेले नाही. मुळीत ते पीक, प्रदेश आणि साठवण यांनुसार बरेच बदलते. ४ टक्के हा औषधी दर्जाच्या मुळीसाठी सावध अंदाज धरला, तरी दिवसाच्या ६ ते १० ग्रॅम चूर्णात २४० ते ४०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन येते. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये नियमित सेवनासाठी सुचवलेली कमाल मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. शुद्ध ग्लिसरायझिनाच्या तुलनेत मुळीच्या भुकटीतून ते कमी शोषले जाते, हे उत्पादकाच्या बाजूने म्हणता येईल. तरीही रोज, महिनोन्महिने घेण्यासाठी ही मात्रा मला पटत नाही. युरोपात ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठायांमध्ये हे द्रव्य ठराविक पातळीच्या वर असेल, तर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी अतिसेवन टाळावे, अशी सूचना वेष्टनावर छापावीच लागते. आपल्याकडे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या या डबीवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ एवढीच सूचना आहे. माझे गुण इथेच कापले जातात.

खोकला आहे म्हणून चार-सहा दिवस अर्धा चमचा चूर्ण चाटणाऱ्या निरोगी माणसाने घाबरण्याचे काही कारण नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत घरोघरी काढ्याची पातेली चढली आणि केंद्र सरकारने ज्या आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्या जाहीर केल्या त्यांत यष्टिमधु, म्हणजे ज्येष्ठमधही, होता. तेव्हापासून काही घरांत सकाळचा काढा कायमचा झाला आहे. अशा घरात कोणी रक्तदाबाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील, तर त्यांच्या कपात ज्येष्ठमध नसावा. रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असते. लघवी वाढवणारी ही औषधे स्वतःच पोटॅशियम कमी करतात आणि ज्येष्ठमध त्यात भर घालतो. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांसाठी तर पोटॅशियमची घसरण विशेष धोक्याची आहे. गरोदर स्त्रियांबाबत आणखी एक कारण आहे: हेच विकर वारेतही (प्लॅसेंटामध्येही) असते आणि आईच्या कॉर्टिसोलपासून गर्भाचे रक्षण करते. ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या आवडीने खाणाऱ्या फिनलंडमध्ये गरोदर स्त्रियांनी त्या भरपूर प्रमाणात खाऊ नयेत, असा अधिकृत सल्ला दिला जातो.

पर्यायांचे म्हणाल तर घशासाठी मला चूर्णापेक्षा काडी बरी वाटते. काडी चघळताना रस हळूहळू सुटतो, चोथा थुंकून टाकता येतो, आणि साल-रंग पाहून माल पारखता येतो. शिवाय एक काडी बराच वेळ पुरते. पित्तासाठी किंवा जठराच्या तक्रारीसाठी ज्येष्ठमध हवा असणाऱ्यांकरिता ग्लिसरायझिन काढून टाकलेला अर्क ‘डीजीएल’ या नावाने मिळतो. त्यात विकराला अडवणारे द्रव्य जवळजवळ उरत नाही, गोडवाही अर्थातच कमी होतो. बाळगुटीत सहाणेवर दिल्या जाणाऱ्या एक-दोन वळशांची तुलना चूर्णाच्या चमच्याशी करू नये, पण गुटी द्यावी की नाही हे बालरोगतज्ज्ञांनाच विचारावे.

चव, दळण आणि वेष्टन यांसाठी या डबीला पाचपैकी चार गुण देता आले असते. अपुऱ्या माहितीमुळे तीन देतो. मोठी डबी घेऊ नये, ५० ग्रॅमची मिळाल्यास तीच घ्यावी. आणि नियमित घेणाऱ्यांनी एक गोष्ट करावी: रक्तदाब अचानक वाढला, पाय सुजले किंवा तपासणीत पोटॅशियम कमी आले, तर डॉक्टरांना गोळ्यांच्या यादीबरोबर या चूर्णाचेही नाव सांगावे. रक्तात रेनिन (मूत्रपिंडातून स्रवणारे, अल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारे विकर) आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी, तरीही रक्तदाब जास्त, असा अहवाल आला, तर त्यांना त्यावरून दिशा मिळेल. अन्यथा तपासण्यांवर तपासण्या होत राहतात. चूर्ण थांबवल्यावरही विकराचे काम पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे तेवढ्या काळात रक्तदाब आणि पोटॅशियम पुन्हा तपासून घ्यावे.