नऊ महिने, अकरा अंक: लग्नविशेष मासिकांचा वापरानंतरचा अनुभव

माझं लग्न मागच्या मे महिन्यात ठरलं आणि या फेब्रुवारीत झालं. मधल्या नऊ महिन्यांत मी लग्नविशेष मासिकांचे अकरा अंक घेतले. सात नवे, आणि चार पुण्यातल्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. इंग्रजी जास्त, मराठी मासिकांचे लग्नविशेष अंक तीन. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण गुणदोष सगळ्यांचे बरेचसे सारखे निघाले.

लग्न होऊन सहा महिने झाले आहेत. अंक अजून घरात आहेत, काही पानं कापलेली, काहींवर हळदीची बोटं. ज्यांची लग्नं तुळशीच्या लग्नानंतरच्या मोसमात आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

आधी हे सांगते की मला ही मासिकं मनापासून आवडतात. फोनवर हजार फोटो बघता येतात हे खरं, पण ते मी एकटीच बघत होते. आईला फोनची स्क्रीन लहान पडते, आजी तर चष्मा लावूनही बघत नाही. अंक मात्र जेवणाच्या टेबलावर पडून राहायचा. येता-जाता कुणीतरी उघडायचं. एकदा सासूबाई पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा कशावर बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. त्यांनी समोरचा अंक उचलला, नथीच्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "अशी माझ्या आईची होती, फक्त मोती बारीक होते." त्यानंतर अर्धा तास दागिन्यांवरच गेला. त्या दिवशीच मला कळलं की त्यांना लफ्फा आवडत नाही, तन्मणी आवडतो. विचारायला गेले असते तर त्या "तुला आवडेल ते घे" एवढंच म्हणाल्या असत्या.

आता कामाचं.

मासिकातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे यादी. बहुतेक अंकांत बारा महिने आधीपासूनची यादी असते: हॉल, फोटोग्राफर, केटरर, कपडे, पत्रिका. आपल्याकडे बारा महिने मिळतातच असं नाही. ठरल्यावर गुरुजी मुहूर्त काढतात आणि त्या तारखेला हॉल मिळतो का ते बघत फिरावं लागतं. चातुर्मासात काढीव मुहूर्त सोडले तर शांतता, मग सगळी गर्दी एकदम. त्यामुळे मी यादीतली पहिली दोन पानं एकत्र केली आणि तिथून सुरुवात केली. हॉल, फोटोग्राफर आणि ब्लाऊज शिवणाऱ्या काकू या तिघांची तारीख आधी पकडा. काकूंचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. चांगल्या हाताच्या काकूंकडे मोसमात दोन-दोन महिने ब्लाऊज अडकून राहतात.

ही यादी मी सांगलीला घेऊन गेले तेव्हा आजीने पेन्सिल मागितली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले आणि ती ऐकत होती. मग म्हणाली, "ह्यात मुहूर्तमेढ कुठंय? आणि मामाची अष्टपुत्री?" मी म्हटलं, नाही लिहिलेली. तिने पानाच्या कडेला, जिथे कोरी जागा होती तिथे, लिहायला घेतलं. मुहूर्तमेढ. घाणा. हिरवा चुडा, बांगडीवालीला घरी बोलावणे. अष्टपुत्री (मामा). अंतरपाट, धुवून इस्त्री. मुंडावळ्या दोन जोड. गौरीहाराची अन्नपूर्णा. सूनमुखाचा आरसा. कानपिळीला भाऊ कोण. रुखवत, सगळ्यांचं मिळून. विहिणीच्या पंगतीची रांगोळी. अक्षर बारीक आणि तिरकं, पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत. एकूण सव्वीस गोष्टी, आणि त्यांतली एकही छापील यादीत नव्हती. लग्नाच्या दिवशी आम्ही चालवली ती ही कडेची यादी. छापलेली यादी हॉलवाल्याशी आणि केटररशी बोलताना कामी आली, आजीची यादी प्रत्यक्ष मांडवात.

मराठी लग्नविशेष अंकांत हे विधी असतात, अर्थांसकट असतात, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण तिथे यादी नसते, लेख असतो. मांडवात उभं राहून कुणी लेख वाचत नाही. कुठल्या विधीला ताटात काय काय लागतं याचं एक साधं पान कुणीतरी छापावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

साडीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण चुकण्याची जागा तीच आहे.

मला पैठणी हवी होती. एका अंकात गर्द जांभळ्या पैठणीचं पूर्ण पान होतं, ते मी कापून पर्समध्ये ठेवलं. येवल्याला गेलो तेव्हा विणकरदादांसमोर तेच धरलं. त्यांनी पान खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि मागावरची अर्धी विणलेली साडी दाखवली. "ताई, हाच रंग आहे," म्हणाले. मला तर ती लालसर दिसत होती. मग त्यांनी कापड हातात घेऊन थोडं तिरकं केलं आणि त्यातून निळा वर आला. पुन्हा सरळ केलं, लाल. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे ही धूपछाव होते. कॅमेऱ्याने त्यातला एकच कोन पकडला होता आणि मी तीन महिने त्या एका कोनाच्या प्रेमात होते. छापील पानावरून पैठणीचा रंग ठरवू नका. पान घेऊन जा, पण दुकानात साडी दारापाशी नेऊन उजेडात हलवून बघा.

दुसरी गोष्टही त्यांनीच दाखवली. पदर उलटा केला. उलट्या बाजूलाही मोर तितकाच स्वच्छ, एकही धागा लोंबत नव्हता. हातमागावर पदराची नक्षी रंगीत धाग्यांच्या छोट्या छोट्या तिल्ल्यांनी एकमेकांत अडकवत विणतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. यंत्रावरच्या साडीच्या मागे धाग्यांचं जाळं असतं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी बाजारात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी टांगलेले असतात. माझ्या अकरा अंकांत मिळून चाळीसेक पैठण्यांचे फोटो आहेत. एकाही फोटोत उलटी बाजू नाही. ज्या एका गोष्टीवरून खरी पैठणी ओळखायची तीच छापलेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

नऊवारीचंही तसंच. मासिकातली नवरी नेहमी समोरून दिसते, फार तर तीन-चतुर्थांश वळलेली. नऊवारीची सगळी कसोटी मागे आहे. कासोटा किती ताठ खोचलाय, काठ मधोमध सरळ उतरतोय की नाही, बसल्यावर ओचा सुटतो का. मी फोटो बघून शिवलेली नऊवारी घ्यायचं ठरवलं होतं. आईच्या मैत्रिणीने एकदा नेसवून दाखवली आणि होमासमोर बसायला लावलं, तासभर. शिवलेली गुडघ्याला ओढत होती, नेसवलेली नाही. मग नेसवणाऱ्या बाईंनाच सांगितलं. ज्यांना दिवसभर पळापळ करायची आहे त्यांना शिवलेली सोयीची पडेल. पण विधींना बसायचं असेल तर घरी पाटावर बसून बघा, आरशासमोर उभं राहून नको.

दागिन्यांची नावं शिकायला अंक फार चांगले. चिंचपेटी, ठुशी, मोहनमाळ, बुगडी, वाकी, तोडे, गोठ, पाटल्या हे सगळं मला फोटोंमुळे ओळखता यायला लागलं. त्याआधी माझ्यासाठी सगळंच 'गळ्यातलं' आणि 'हातातलं' होतं. दुकानात नाव घेऊन मागितलं की समोरचा माणूसही वेगळं बोलतो. कोल्हापूरला गुजरीत साजाचा फोटो दाखवला तर तिथल्या काकांनी भिंग लावून पानड्या मोजल्या. पंधरा भरल्या. "पुऱ्या साजाला एकवीस लागतात," म्हणाले आणि बोटांवर सांगितलं: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, एक माणकाची, एक पाचूची आणि एक डोरल्याची. पानड्यांवर सोन्याचा पत्रा आणि आत लाख. म्हणून दिसायला भरगच्च आणि वजनाला हलका. आम्ही साज घेतला नाही, भाव परवडला नाही. आजीचाच जुना झाळून, दोन पानड्या बदलून घातला.

मेकअपच्या पानांवर फार वेळ घालवू नका. तिथले फोटो स्टुडिओच्या दिव्यांत काढलेले असतात, आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आणि होमाचा धूर. एका अंकात लग्नाआधीच्या दहा दिवसांत करायचा एक लेप दिला होता. मी तो केला आणि गालांवर पुरळ उठलं. साखरपुड्याच्या आधी होतं म्हणून निभावलं. नवीन काही करायचंच असेल तर दोन-तीन महिने आधी करून बघा.

जाहिराती भरपूर, हे मान्य करूनच अंक घ्या. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे अमेरिकेतल्या 'ब्राइड्स' मासिकाचे जुने अंक आहेत, तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळचे. ते मासिक तिकडे १९३४ पासून निघत होतं. त्याचा २०००च्या फेब्रुवारी-मार्चचा अंक १२७१ पानांचा होता. एवढ्या पानांचा खर्च मुख्यतः जाहिरातींवरच निघायचा. २०१९ मध्ये त्याचं छापील निघणं थांबलं, आता फक्त इंटरनेटवर आहे. ती म्हणते, नवऱ्या मुली अजून जुने अंक शोधून घेतात. मला त्यात नवल वाटत नाही. जाहिरातीसुद्धा मी वाचल्या, कारण पत्रिकेच्या कागदाचे प्रकार आणि फुलांच्या सजावटीच्या पद्धती मला तिथूनच कळल्या. फक्त जाहिरातीतला लेहंगा बघून आपलं बजेट हलू द्यायचं नाही. आमच्याकडे बाबांनी पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठाच्या आत आकडा लिहून ठेवला होता आणि दर वेळी अंक उघडला की तो दिसायचा. ही त्यांची युक्ती मी प्रत्येकीला सांगते.

एक तक्रार राहिलीच. एवढ्या अंकांत सावळी नवरी मला फार थोड्या पानांवर सापडली. मी सावळी आहे. माझ्या रंगाला मोरपंखी खुलतो की राणी, हे मला कुठल्याच पानावरून कळलं नाही, ते तुळशीबागेत ओढणी खांद्यावर टाकून बघताना कळलं. ज्यांच्यासाठी अंक काढता त्या मुली त्यात दिसायला हव्यात.

तरीही पुन्हा लग्नघर असतं तर मी अंक घेतलेच असते. अकरा नाही, तीन. एक इंग्रजी नवा, यादीसाठी. एक मराठी, विधींसाठी. आणि एक जुना, दहा-बारा वर्षांपूर्वीचा, कारण त्यात आत्ताची फॅशन नसते आणि आई-मावशींना त्यावर बोलायला सोपं जातं. सोबत पेन्सिल ठेवा. पेन नको, आजी चार वेळा खोडतात.

मावसबहिणीचं, त्या धाकटीचंच, लग्न मार्गशीर्षात सांगलीला आहे. मी तिच्यासाठी सगळा गठ्ठा काढून ठेवला आहे, कापलेल्या पानांसकट. मागच्या आठवड्यात तिने फोन करून विचारलं, "ताई, ते कडेच्या यादीचं पान पण त्यात आहे ना?" ते पान माझ्या पैठणीसोबत मलमलच्या कापडात असतं. साडीच्या घड्या बदलायला दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढते तेव्हा तेही बाहेर येतं. पेन्सिल आता फिकट होत चालली आहे. तिला मी झेरॉक्स पाठवली, जरा गडद करून.