जिल्हा रुग्णालयातील डीईआयसी : सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी अभिप्राय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) मी माझ्या भाचीला घेऊन जाते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर आणि स्नायूंवर परिणाम झाला आहे. येथील सेवा मोफत आहे आणि तपासणी अत्यंत काळजीपूर्वक होते. बाळ जन्मतः उशिरा रडले का, दिवस पूर्ण भरले होते का, कावीळ किती वाढली होती, हे येथे बारकाईने विचारले जाते, कारण मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांमध्ये बहुधा दोन्ही पायांचा ताठरपणा दिसतो, तर तीव्र कावीळ झालेल्या मुलांमध्ये हातापायांच्या अनैच्छिक हालचाली आणि अनेकदा श्रवणदोष आढळतो. मुलाच्या हालचालींची क्षमता ठरवणाऱ्या जीएमएफसीएस या वर्गीकरणाच्या ५ पातळ्यांपैकी मूल कोणत्या पातळीवर आहे, हेही नीट समजावले जाते. भाची तिसऱ्या पातळीवर आहे, म्हणजे वॉकर धरून चालणे हे तिचे उद्दिष्ट आहे. खोटी आशा कोणी दाखवली नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कुटुंबाची नोंद मात्र वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न एवढ्यावरच संपते, आणि हीच या केंद्राची मोठी उणीव आहे. बाकावर बसलेल्यांपैकी कोणी मजुरी बुडवून आलेली आई असते, कोणी नातवाला घेऊन पहाटेच्या एसटीने आलेली आजी असते. तरी घरी करायच्या व्यायामाचा छापील कागद सर्वांना एकच मिळतो. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र माझ्या आईला विचारले, "आजी, घरी हिला उचलतं कोण?" मग पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून मुलीला दोन्ही पाय फाकवून कडेवर कसे घ्यावे, हे त्यांनी आईकडून करवून घेतले. तेव्हापासून व्यायाम रोज होतो, कारण तो आईच्या कामातच बसला. असे प्रश्न प्रत्येक कुटुंबाला विचारण्याची पद्धत पडली पाहिजे.

स्प्लिंटचे (हातपाय योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधाराचे) माप चांगले घेतात, पण मूल वाढते तसे ते बदलावे लागते आणि नवीन मिळण्यास फार उशीर होतो. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या, अशा मुलांसाठीच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, ही माहिती येथे आपणहून कोणी देत नाही. ती विचारावी लागते.

या केंद्रात अवश्य जावे. जाताना प्रसूतीचे आणि नवजात विभागाचे कागद न्यावेत, आणि दिवसभर मुलाला सांभाळणारी व्यक्ती आई नसेल, तर तिलाही सोबत न्यावे.