आवडत्या गाण्यांचा साप्ताहिक चार्ट: वही, शीट की ॲप?

दर आठवड्याला स्वतःची टॉप टेन लावायची ठरवलीत, की ती ठेवायची कशात हे आधी ठरवावं लागतं. माझं मत पक्कं आहे: नंबर आपण द्यायचे, बेरीज-वजाबाकी यंत्राकडे सोपवायची.

ॲपमध्ये कष्ट सगळ्यात कमी. ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या लास्ट डॉट एफएमला गाण्यांच्या ॲपचं खातं जोडलं की ऐकलेली गाणी आपोआप नोंदली जातात. गाणं ३० सेकंदांहून मोठं हवं आणि निम्मं किंवा ४ मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढं वाजायला हवं. आठवड्याची यादी आयती मिळते. (स्पॉटिफायचं रॅप्ड, म्हणजे आपण ऐकलेल्या गाण्यांचा आढावा, वर्षातून एकदाच येतं, त्यावर साप्ताहिक चार्ट चालत नाही.) पण गणेशोत्सवात कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्पीकरवर ऐकलेलं आणि चार दिवस ओठांवर राहिलेलं गाणं ॲपच्या खिजगणतीत नसतं. आणि भाचीनं तुमच्या फोनवर दिवसभर लावलेलं बालगीत मात्र थेट पहिलं येतं! किती वाजलं ते ॲप सांगेल, किती आवडलं ते नाही.

वहीची गोडी वेगळीच. महाद्वार रोडवर मिळणारी साधी दोनशे पानी पुरते. चार रकाने आखा: आजचा नंबर, मागचा नंबर, आजवरचा सर्वांत वरचा नंबर, एकूण आठवडे. समजा एका गाण्यापुढे ३, ७, ३, ४ असं आहे. म्हणजे गाणं चौथ्या आठवड्यात सातवरून तीनवर चढलं, आणि याहून वर ते आधी कधीच नव्हतं. तिसरं कोण आणि चौथं कोण, यावर पेन अडतं, दोन्ही गाणी पुन्हा ऐकावी लागतात. या छंदाचा जीव तिथंच आहे. रेडिओ सिलोनवर १९५२ला सुरू झालेल्या बिनाका गीतमाला या हिंदी गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमातली पायदानं, म्हणजे गाण्यांचे नंबर, हौशी श्रोते अशीच उतरवून घेत. वही थकवते ती डिसेंबरात. पहिल्याला १०, दहाव्याला १ असे गुण धरले तर ५२ आठवड्यांच्या ५२० नोंदींची बेरीज हातानं करायची.

तिथं गुगल शीट कामी येते. दर आठवड्याच्या १० ओळी आधीच्या खाली लिहीत जा: तारीख, नंबर, गाणं, गायक, गुण. मग शीटची सूत्रं वापरा: काउंटइफ आठवडे मोजतं, मिनइफ्स सर्वांत वरचा नंबर काढतं, समइफ गुण जमवतं. पथ्य एकच: गाण्याचं नाव दरवेळी हुबेहूब तेच हवं. एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये लिहिलंत, तर शीट ती दोन गाणी धरते.

एकच निवडायचं असेल तर शीट घ्या. लिहिण्याची आवड असेल तर क्रम वहीत लावा आणि मग शीटमध्ये उतरवा, दहा ओळींना वेळ तो किती लागणार? ॲप जोडून ठेवायला हरकत नाही, विसरलेलं गाणं आठवायला ते बरं. वार मात्र गुरुवार ठेवा. २०१५पासून जगभर नवी गाणी बहुतेक शुक्रवारी येतात, त्यामुळे नव्या गाण्याला पुढचा अख्खा आठवडा मिळतो.