आयमर्ग की चर्प्स? पावसाचा खंड मोजणाऱ्यांसाठी

माणदेशासारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात गावाचा पाऊस उपग्रहावरून काढायचा म्हटलं, की फुकट मिळणारी दोन नावं हमखास पुढे येतात: नासाचा आयमर्ग आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरातून येणारा चर्प्स. मी दोन्ही वापरले आहेत.

जुनी सरासरी हवी असेल तर चर्प्स घ्या. मालिका १९८१ पासूनची, चौकटही (जेवढ्या जागेला पावसाचा एक आकडा मिळतो ती) बारीक, साधारण साडेपाच किलोमीटरची. आयमर्ग १९९८ पासूनचा, चौकट ११ किलोमीटरची. ३० वर्षांची सरासरी काढणाऱ्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझं घोडं अडलं ते सकाळच्या साडेआठवर. आपल्याकडे पर्जन्यमापक साडेआठला वाचतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितात. उपग्रहाची तारीख जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला पालटते. परतीचा पाऊस बहुधा संध्याकाळी कोसळतो. तहसीलच्या वहीत तो दुसऱ्या दिवशी चढतो, उपग्रहाकडे आदल्याच दिवशी. चर्प्समध्ये यावर इलाज नाही, कारण तिथे पाच दिवसांची बेरीज आधी ठरते आणि मग ती एकेका दिवसावर वाटली जाते. २.५ मिलिमीटरला पावसाचा दिवस धरून खंड मोजू लागलं, की तो भलत्याच तारखेला सुरू होतो. आयमर्ग अर्ध्या अर्ध्या तासाचा आहे. आपले साडेआठ म्हणजे तिथले बरोबर तीन. तिथून ४८ फायली जोडल्या की आपला दिवस तयार. (आकडे ताशी मिलिमीटरमध्ये असतात, प्रत्येक निम्मा करा, नाहीतर माणदेशातल्या दहिवडीत कोकण अवतरतं.)

घाटमाथ्यावर मात्र दोघांवरही विसंबू नये. तिथला बराच पाऊस बुटक्या ढगांतून पडतो. चर्प्स अवरक्त किरणांनी ढगांचे थंड माथे शोधतो, आयमर्गचे उपग्रहावरचे सूक्ष्मलहरी संवेदक जमिनीवरचा पाऊस ओळखताना ढगातल्या बर्फावर भिस्त ठेवतात; बुटक्या ढगांत दोन्ही फारसं सापडत नाही. महाबळेश्वरचा आकडा माझ्या पाहण्यात दोन्हीकडे कमीच येतो.

तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल. आयमर्गची ‘लेट’ आवृत्ती साधारण १४ तासांत हाती येते, पर्जन्यमापकांशी जुळवलेल्या ‘फायनल’ला साडेतीन महिने लागतात. सप्टेंबरच्या खंडाचा पक्का आकडा येईपर्यंत रब्बीची ज्वारी पेरून झालेली असते, म्हणून मी आधी लेट उतरवून घेतो आणि फायनल आली की रकाना बदलतो.