स्मार्ट ट्रेनर: वॉट मशीन धरतं, केडन्स आपण धरायचा

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर दोनदा घसरता घसरता वाचले आणि ठरवलं, पाऊस संपेपर्यंत सायकल घरातच चालवायची. साठ हजारांच्या आसपासचा डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनर घेतला, म्हणजे मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात तो. दहा महिने झाले, आमच्या रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत तो उभा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते या वर्गातल्या बहुतेक ट्रेनरना लागू पडतं.

आधी बसवण्याचा त्रास सांगून टाकते. माझ्या ट्रेनरबरोबर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, आली नाही, वेगळी घ्यावी लागली. सायकल दहा गिअरची, ट्रेनरचा हब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, अकरा गिअरचा. अशा वेळी कॅसेटच्या मागे 1.85 मिलिमीटरची एक पातळ रिंग टाकावी लागते. दुकानातल्या मुलाने ती टाकलीच नाही. "सब फिट है, दीदी." घरी येऊन बघते तर कॅसेट हाताने हलतेय, आणि जरा जोर लावला की चेन उडी मारतेय. रिंग खोक्यात एका पुडीत तशीच पडलेली होती. तुम्ही बसवून घ्याल तेव्हा ती पुडी हातात घेऊन समोर उभ्या राहा.

आता मुख्य गोष्ट. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले कोनीय वेग, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. पण गुडघ्याला ते या ट्रेनरवर कळलं. ट्रेनरचा अर्ग मोड म्हणजे ठरलेले वॉट धरून ठेवणारी सेटिंग. त्यात अॅपला सांगायचं, 150 वॉट. मग पाय भरभर फिरवा की सावकाश, ट्रेनर ब्रेक कमीजास्त करून 150 धरून ठेवतो. केडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलच्या फेऱ्या, 90 असेल तर क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) सुमारे 16 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. 60 वर उतरलात की 24. माझा क्रँक 170 मिलिमीटरचा आहे, म्हणजे पायाचा सरासरी जोर साडेनऊ किलोवरून सव्वाचौदा किलोवर जातो. स्क्रीनवर आकडा तोच, दर फेरीला दाब मात्र दीडपट.

पहिल्याच आठवड्यात याचा हिसका बसला. आठ-आठ मिनिटांचे चार इंटरव्हल, म्हणजे जोराचे टप्पे, होते. तिसऱ्यात दाराची बेल वाजली, मी मान वळवली आणि पाय मंदावले. 85 चे 72, 72 चे 58. केडन्स घसरला तसा ट्रेनरने ब्रेक आवळला, ब्रेक आवळला तसा केडन्स आणखी घसरला. पायडल ओल्या सिमेंटमध्ये रुतल्यासारखं झालं आणि मी थांबले. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दोन दिवस ठणकत होतं. अशा वेळी दात-ओठ खाऊन रेटायचं नाही. दोन-चार सेकंद पाय पूर्ण थांबवायचे, ब्रेक सुटू द्यायचा, मग हलक्या पायाने फिरवत पुन्हा चढायचं. आणि इंटरव्हल सुरू व्हायच्या पाच सेकंद आधीच केडन्स पाचाने वाढवून ठेवायचा. ही एक सवय लागल्यापासून मी एकदाही अडकले नाही.

अर्ग मोडमध्ये गिअरला अर्थ नाही असं बरेच जण समजतात. वॉट बदलत नाहीत हे खरं, पण फ्लायव्हीलचा, म्हणजे ट्रेनरमधल्या जड फिरत्या चाकाचा, वेग बदलतो. 50-14 वर (पुढच्या चकतीला 50 दात, मागच्या चकतीला 14) 90 केडन्सला फ्लायव्हील ताशी चाळीसच्या स्पीडने पळतं आणि पायाला पुढे ओढून नेतं, सपाट रस्त्यासारखं. 34-17 वर तोच केडन्स तेवीसच्या आतबाहेर, आणि घाटात लागतो तसा फेरीतला प्रत्येक भाग स्वतः ढकलावा लागतो. मला महूजवळच्या जानापाव डोंगराच्या चढाची तयारी करायची होती, म्हणून मी पुढच्या लहान चकतीवरच राहिले. आवाजही कमी होतो. पहाटे सव्वापाचला शेजारच्या खोलीत सासूबाईंचा जप चालू असतो, त्यांची तक्रार नाही. उलट परवा म्हणाल्या, "आज दमलीस का गं? मधेच घरघर उतरली होती." केडन्स 70 वर गेला होता तेव्हाची गोष्ट.

अॅपमध्ये पॉवर स्मूदिंग, म्हणजे वॉटचे चढउतार सपाट करून दाखवणारी सोय, चालू असेल तर बंद करा. चालू असताना स्क्रीनवर सरळ रेघ दिसते, 150, 150, 150. बंद केल्यावर खरे 138 आणि 163 दिसायला लागतात आणि पाय कुठे अडखळतो ते समजतं. ट्रेनर स्वतः केडन्सचा अंदाज करतो, पण माझा कमी वेगात 60 चे 80 दाखवायचा. शेवटी क्रँकला नाण्याच्या सेलवर चालणारा छोटा सेन्सर लावला. स्पिन-डाउन, म्हणजे ट्रेनरचं कॅलिब्रेशन, मी तो दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावरच करते.

एफटीपीसाठी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त वॉटसाठी, वीस मिनिटांची टेस्ट दिली. सरासरी 168 आली, त्याचे 95 टक्के म्हणजे 160. पंखा समोर हवाच. बंद खोलीत वारा नसतो, तेवढ्याच वॉटला हृदयाचे ठोके चढत जातात, आणि मे महिन्यात तर वर्कआउटच दहा वॉटने खाली घेते. वीज गेली की ब्रेक क्षणात सुटतो आणि पाय भलतेच मोकळे फिरतात, उभं राहून चालवत असाल तर तोल जाईल. मी ट्रेनर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत.

पैसे वसूल झाले का? जानेवारीत महूवरून जानापावला गेलो. मागच्या वर्षी शेवटच्या चढावर उतरून सायकल ढकलत नेली होती. या वेळी 34-32 लावला, केडन्स 65 च्या खाली जाऊ दिला नाही आणि बसूनच वरपर्यंत गेले. गुडघा दुसऱ्या दिवशीही दुखला नाही. बजेट नसेल तर ट्रेनर राहू द्या, पण तो केडन्स सेन्सर आजच लावून घ्या.